फोटोत कोण कोण आहे

लग्न खरं आहे हे सरकारला पटवून देणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. न्यू जर्सीत एडिसनला एका इमिग्रेशनच्या वकीलबाईंकडे मी पॅरालीगल म्हणून काम करते. कायद्याचं डोकं त्यांचं. कागद गोळा करणं, लावणं आणि जे नाहीत त्यांच्यासाठी लोकांच्या मागे लागणं माझ्याकडे. अमेरिकन नागरिकाशी लग्न करून ग्रीन कार्ड मागणाऱ्याला संसार खरोखर थाटलाय हे दाखवावं लागतं. दोघांच्या नावचा भाडेकरार, जॉइंट खातं, एकत्र भरलेला टॅक्स, विम्यावर वारस म्हणून कोणाचं नाव आहे तो कागद. आणि फोटो.

खोटी लग्नं लावून कार्ड मिळवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून १९८६ साली इथे एक कायदा झाला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मंजूर झालं, तर ते दोनच वर्षांच्या मुदतीचं मिळतं. मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवराबायकोने जोडीने पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा सगळे पुरावे लावायचे. कार्डाला तीन वर्षं झाली आणि जोडीदार तोच असला की नागरिकत्वासाठी तिसऱ्यांदा. त्यामुळे एकच जोडपं मला काही वर्षांच्या अंतराने दोनदा-तीनदा भेटतं. भटजींना लग्न लागताना दिसतं, कोर्टाला मोडताना. मधलं माझ्या टेबलावर येतं.

हे इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतीत प्रसादाची वाटी हातात देता देता एखाद्या काकू हमखास विचारतात, ‘काय गं, टिकतात का ही लग्नं?’ ‘ही’ म्हणजे गोऱ्यांशी, काळ्यांशी, मेक्सिकन लोकांशी केलेली. विचारणारीच्या घरात कोणीतरी लग्नाचं आहे हे ओघानं आलंच. आणि तिला ‘नाही’ हे उत्तर हवंय, हेही चेहऱ्यावर दिसतं.

आकडे बघायला गेलं तर काकूंना थोडा दिलासा मिळेल, पण थोडाच. २००८ साली जेनिफर ब्रॅटर आणि रोझलिंड किंग या दोघींनी अमेरिकेतल्या भिन्नवंशीय लग्नांचा हिशोब मांडला. एकंदरीत पाहता अशा लग्नांत घटस्फोटाचं प्रमाण जास्त, त्यातही १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लागलेल्या लग्नांत. पण सगळ्या जोड्या सारख्या नाहीत. बायको गोरी आणि नवरा कृष्णवर्णीय किंवा एशियाई असेल तर धोका वाढतो; नवरा गोरा आणि बायको गोरी नसलेली असेल तर धोका गोऱ्या-गोऱ्यांच्या लग्नाइतकाच, कधी कमीही. म्हणजे नुसता वंश मोजून भागत नाही, कोणत्या वंशाची बाई आणि कोणत्या वंशाचा पुरुष हे बघावं लागतं. पुढच्याच वर्षी झांग आणि व्हॅन हूक यांचा अभ्यास आला, तेवीस हजारांवर जोडप्यांचा. त्यांच्या हिशोबात एशियाई माणूस असलेली मिश्र लग्नं गोऱ्या-गोऱ्यांच्या लग्नांपेक्षाही पक्की निघाली. मिश्र लग्नांच्या माथी मारलेल्या धोक्याचा काही भाग, सगळा नव्हे, मुळात त्या त्या समाजातच घटस्फोट जास्त असल्यामुळे येतो, असंही त्यांनी दाखवलं. दोन्ही प्रामाणिक अभ्यास आणि दोघांचं एकमेकांशी पुरतं पटत नाही. शिवाय ‘एशियन’ या रकान्यात चिनी, जपानी, फिलिपिनो, कोरियन आणि आपण सगळे एकाच पंगतीला. त्यातून साताऱ्याच्या एखाद्या बाईचं काय होणार ते कसं कळावं?

माझ्या फायलींमधूनही शास्त्र निघत नाही. इथे वकिलाची फी परवडणारे लोक येतात, आणि मोडलेली पुष्कळ जोडपी दुसऱ्यांदा येतच नाहीत. तरीही इतके संसार कागदांवरून वाचल्यावर काही गोष्टींकडे नजर आपोआप जाते.

जेवणावरून मोडलेलं लग्न माझ्याकडे आलेलं नाही. आपल्याकडे मात्र पहिली काळजी तीच. एकीच्या सासूबाई पुरणपोळीवर मेपल सिरप ओततात आणि हिची आई व्हिडिओ कॉलवर डोळे मिटून घेते; यापलीकडे काही घडत नाही. देवाधर्माचंही बहुतेक वेळा तसंच. ख्रिसमस आणि गणपती एका घरात मावतात. मुलांची नावं ठरवताना थोडी रस्सीखेच होते, मग ‘माया’, ‘नील’, ‘कीरन’ अशी दोन्हीकडे खपणारी नावं निघतात आणि प्रकरण मिटतं.

‘दोन संस्कृती जुळेनात’ म्हणून ज्याची बोळवण होते, त्यातलं बरंचसं खरं तर कागदांनी केलेलं असतं. नाशिकची एक इंजिनियर मुलगी लग्न करायला म्हणून इथे आली. नवरा पोर्तो रिकन घरातला, गोदामात सुपरवायझर, दीड-दीड शिफ्ट करणारा. तिला वर्क परमिट येईपर्यंत नोकरी करता येत नव्हती, आणि परमिट येता येत नव्हतं. घर अशा उपनगरात की तिथे बस नाही, पायी जावं तर फुटपाथ नाही. जिने पुण्यात स्वतःच्या पगारावर फ्लॅटचे हप्ते भरले तिला आता वाणसामानासाठी नवऱ्याकडे हात पसरावा लागत होता. तो मला म्हणायचा, ही सारखी फुगून बसते, इंडियन बायका अशाच असतात का? ती म्हणायची, यांच्यात बायकोला किंमतच नाही. दोघंही एकमेकांच्या अख्ख्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होते. परमिट आलं, तिला नोकरी लागली, जुनी का होईना गाडी आली, आणि दोन्ही समाज निर्दोष सुटले. आता भांडतात, पण ते थर्मोस्टॅट किती डिग्रीवर ठेवायचा यावरून.

दुसरा कागद हमीपत्राचा. अमेरिकन जोडीदाराला लिहून द्यावं लागतं की बाहेरून आलेल्या माणसाचा भार सरकारवर पडू देणार नाही. त्याची कमाई अपुरी असेल तर आणखी कोणीतरी सहहमीदार लागतो. ही हमी घटस्फोटानेही सुटत नाही. तो माणूस नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांची नोकरी त्याच्या नावावर जमेपर्यंत ती गळ्यात राहते. संसार संपतो, हमी उरते. पेनसिल्व्हेनियातले एक सासरे, ट्रक दुरुस्तीचं गॅरेज असलेले. मुलाने हिंदुस्थानी मुलगी केली म्हणून लग्नात कोणाशी धड बोलले नव्हते. मुलाचा पगार कमी पडला तेव्हा सहहमीदार म्हणून तेच आले. ऑइलचे डाग पडलेल्या बोटांनी त्यांनी फॉर्मचं प्रत्येक पान वाचलं. घटस्फोटाचं कलम मी मुद्दाम दाखवलं. ‘वाचलं मी,’ म्हणाले, आणि सही केली. ते जोडपं मागच्या वर्षी नागरिकत्वासाठी तिसऱ्यांदा येऊन गेलं. सुनेशी सासरे अजूनही फारसं बोलत नाहीत; तिच्या गाडीचे टायर मात्र दर हिवाळ्याआधी बदलून देतात.

म्हणून फोटो बघताना मी जोडप्याकडे कमी बघते आणि आजूबाजूला जास्त. नायगारासमोर दोघंच, ताजमहालासमोर दोघंच, असे फोटो कोणीही काढतं. तिसरं माणूस कोण आहे? नवऱ्याची बहीण आहे का? हिच्या आईने अमेरिकन जावयाच्या खांद्यावर हात ठेवलाय की मधे अर्धा फूट जागा सोडलीय? दुसऱ्या वेळच्या फायलीत ती जागा भरून आली असेल तर मी जरा निर्धास्त होते.

अमेरिकेत या विषयावरचा सगळ्यात गाजलेला खटलाही याच जागेचा आहे, असं मला वाटतं. रिचर्ड लव्हिंग गोरा आणि मिल्ड्रेड कृष्णवर्णीय, तिच्यात मूळनिवासी रक्तही. १९५८च्या जूनमध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि व्हर्जिनियात आपल्या गावी परतले. काही आठवड्यांत मध्यरात्री पोलिसांनी त्यांना अंथरुणातून उचललं. १९५९ साली शिक्षा झाली : एक वर्ष कैद, पण पंचवीस वर्षांसाठी राज्य सोडून गेलात तर माफ. वॉशिंग्टनमध्ये त्यांचं लग्न कायदेशीरच होतं, तिथे त्यांना कोणी अटक करत नव्हतं. तरी ते लढले, कारण त्यांना गावात, आपल्या माणसांत राहायचं होतं. १२ जून १९६७ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या दिवशी १६ राज्यांतले असे कायदे रद्द झाले. त्या वर्षी नव्या लग्नांत मिश्र लग्नं ३ टक्के होती, २०१५ मध्ये १७ टक्के. गॅलपच्या पाहणीत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला पसंती देणारे १९५८ मध्ये ४ टक्के होते, २०२१ मध्ये ९४ टक्के. पण पाहणीवाल्याला ‘हो’ म्हणणं वेगळं आणि थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावून शेजारी बसवणं वेगळं.

वंश घरात फारसा जन्मत नाही. तो बाहेरून येतो. शेजारीण, दुकानातला वॉचमन, पोलीस, मावशी असं कोणीतरी घेऊन येतं. आणि तो दोघांपैकी एकालाच लागतो. ज्याला लागत नाही तो त्या वेळी काय करतो, यावर पुढचं बरंच ठरतं.

पुण्याची एक मुलगी होती, नवरा गोरा, शिकलेला, मवाळ. त्यांची पहिली फाईल मी नमुना म्हणून नव्या मुलींना दाखवायचे. दोन लग्नं, एक चर्चमध्ये, एक कोथरूडच्या कार्यालयात. नवऱ्याच्या आजीच्या गालाला हळद लागलीय आणि ती खो-खो हसतेय. तिसरी-चौथी माणसं फोटोत मावत नव्हती. मग दुसऱ्या अर्जासाठी ती आली तेव्हा कडेवर वर्षाचं बाळ, बापासारखं गोरंपान, आणि फोटो जेमतेम चार. कागद बघता बघता दोघांचं माझ्यासमोरच जुंपलं. उन्हाळ्यात नवऱ्याच्या काकांच्या तळ्याकाठच्या घरी गेले असताना शेजारच्या म्हाताऱ्या बाईने हिला विचारलं होतं, या बाळाला सांभाळायचे तासाला किती घेतेस? नवरा म्हणाला, ‘ती ऐंशी वर्षांची आहे, तिला तसं म्हणायचं नव्हतं.’ मुलगी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘ताई, ती बाई काय बोलली ते मी विसरलेसुद्धा असते. हा दर वेळी त्यांचं वकीलपत्र का घेतो?’

हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं. आपली माणसं वाईट नाहीत एवढंच त्याला सांगायचं असतं. पण दुसऱ्याने ऐकलेलं एका फटक्यात रद्द होतं. त्या दोघांचा वर्षभरात घटस्फोट झाला. तिने मग एकटीने अर्ज केला. लग्न खरं होतं पण टिकलं नाही असं सिद्ध करता आलं तर कायद्यात तशी सोय आहे. ते सिद्ध करायला आम्ही तीच पहिली फाईल बाहेर काढली. हळद लागलेली आजी पुन्हा जोडली. कार्ड मिळालं तिला.

याच्या उलट, अमरावतीकडचा एक मुलगा आणि न्यूअर्कची कृष्णवर्णीय नर्स. लग्नाच्या फोटोत त्याच्या बाजूचं कोणी नव्हतं, रूममेट सोडून. एकदा ती गाडी चालवत असताना पोलिसांनी थांबवलं. याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, साहेब, काय झालं? तिने दातांत शब्द धरून सांगितलं, हात डॅशबोर्डवर ठेव आणि गप्प बस. काही झालं नाही, टेल-लाइट गेल्याची सूचना मिळाली आणि सुटले. घरी आल्यावर हा तिला, ‘पोलीस चांगला होता की,’ असं म्हणाला नाही. जेवलाही नाही. त्या रात्रीपासून तिची रात्रपाळी सुटली की ती घरी पोचेपर्यंत हा फोनवर असतो. ती हे सांगताना हसत होती : ‘बोलायला काही नसतं त्याच्याकडे. नुसता क्रिकेटचा स्कोअर सांगतो, मला कळत नसताना.’

त्याच्या वडिलांनी मात्र गावात ‘सून अमेरिकन आहे’ एवढंच सांगितलं होतं. फोटो कोणाला दाखवला नव्हता. आपल्या घरांची ही प्रतवारी मला चांगली पाठ झालीय. गोरी सून असली की तिचा नऊवारीतला फोटो फॅमिली ग्रुपवर दिवसभर फिरतो. गोरा जावईही ‘फार साधा आहे हो’ म्हणून मिरवला जातो. चिनी, कोरियन असेल तर ‘हुशार असतात’. मेक्सिकन म्हटलं की आवाज खाली येतो आणि कृष्णवर्णीय म्हटलं की विषयच बदलतो. इथल्या गोऱ्यांना वंशद्वेषी म्हणणारे आपण मुलीच्या लग्नाच्या जाहिरातीत ‘निमगोरी’ लिहिणाऱ्यांचेच वंशज. हे नवं नाही. भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाच्या नागरिकत्वाचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं तेव्हा त्याचा युक्तिवादच हा होता, की मी उच्च जातीचा आर्य, म्हणून मी गोरा. १९२३ साली कोर्टाने ते फेटाळलं आणि हिंदी माणसं नागरिकत्वाला अपात्र ठरली. त्याचा फटका त्यांच्या अमेरिकन बायकांनाही बसला. १९२२च्या कायद्यानुसार अपात्र परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बाईचं स्वतःचं नागरिकत्व जायचं; क्रांतिकारक तारकनाथ दासांच्या पत्नी मेरी यांचं तसंच गेलं. १९३१ मध्ये ती तरतूद निघाली. ज्या देशात बायको म्हणवून घेण्यासाठी स्वतःचा देश गमवावा लागत होता, तिथे आज मी नवरा-बायकोपण सिद्ध करून देश मिळवून देते. असो.

अमरावतीच्या वडिलांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. त्यांना इथे आले असताना छातीत दुखायला लागलं. सूनबाई नर्स. इस्पितळात डॉक्टरांना प्रश्न विचारणारी, औषधांची यादी तपासणारी, रात्री खुर्चीत बसून राहणारी तीच. दुसऱ्या फायलीत एक फोटो आला : इस्पितळाच्या गाऊनमधले सासरे आणि शेजारी ती, दोघंही दमलेले, कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही. लोकांना अशा गोष्टी फार आवडतात, पण मला त्यात एक बोच आहे. पुण्याच्या मुलीच्या गोऱ्या नवऱ्याला कोणाचे प्राण वाचवून दाखवावे लागले नव्हते. तो नुसता आला आणि त्याला जावई म्हणून पाटावर बसवलं.

वय हाही मोठा भाग आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. चाळिशी-पन्नाशी ओलांडून, स्वतःच्या पैशावर उभं राहून लग्न करणाऱ्यांना चार लोकांची परवानगी लागत नाही. साताऱ्याच्या एक बाई, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, पहिलं लग्न फार पूर्वी मोडलेलं. त्यांनी निवृत्त बस ड्रायव्हरशी लग्न केलं. ते कृष्णवर्णीय, सहा फूट दोन इंच, अतिशय हळू बोलणारे. बाईंनी सातारला दोन वर्षं कळवलंच नाही. मग भाच्याच्या लग्नाला सरळ घेऊनच गेल्या. तिथे वरातीत पोरं त्यांच्याभोवती जमली, ‘वेस्ट इंडिजकडून खेळायचे का?’ त्यांनी आयुष्यात बॅट धरलेली नाही. तीन दिवस नाही नाही म्हणून थकले आणि चौथ्या दिवशी एका शाळकरी पोराच्या वहीवर सही ठोकून दिली.

अशात ते दोघं पुन्हा आले होते, या वेळी भारताच्या कागदांसाठी. परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवं असेल तर लग्न नोंदलेलं असून अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. अमेरिकन सरकारला लग्न पारखायला जेवढा वेळ लागतो तेवढाच आपल्या सरकारलाही लागतो. घटस्फोट झाला तर तेही कार्ड रद्द होऊ शकतं. ड्रायव्हरसाहेबांनी अर्जावरचा फोटो दोनदा काढून घेतला, पहिल्यात टक्कल चमकत होतं. मग जरा पुढे वाकून त्यांनी विचारलं, ‘मेव्हण्याने विहिरीजवळची जमीन दाखवलीय, म्हणाला इथे घर बांधा. हे कार्ड मिळालं की घेता येईल ना?’ मी सांगितलं, या कार्डावर फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही.

‘दादाला ते माहितीय,’ बाई म्हणाल्या. ‘माझ्याच वाटणीची जमीन दाखवून तुझ्यापुढे मोठेपणा करतोय तो. सातबाऱ्यावर माझं नाव आहे.’

सातबारा म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं आणि बाई इंग्रजीत सुरू झाल्या : गाव नमुना सात, गाव नमुना बारा, तलाठी, फेरफार. मी म्हटलं, हे घरी जाऊन करा, आधी इथे सही हवीय, चौकटीच्या बाहेर जाता कामा नये.